अकिहाबारा : दोन खेळ, दोन पंथ

टोकियोच्या वर्तुळाकार यामानोते लोकलने अकिहाबारा स्थानक गाठावे आणि ‘इलेक्ट्रिक टाऊन’ अशी पाटी असलेल्या दाराने बाहेर पडावे. आधी भेटतो तो आवाज. एका दुकानातून गाणे, दुसऱ्यातून जाहिरात, तिसऱ्यातून कुठल्याशा राक्षसाशी चाललेल्या लढाईचा खणखणाट. इमारती अरुंद आणि उंच, मजल्यामजल्यावर निराळे दुकान. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आडवा पसरण्याऐवजी उभा वाढला असता आणि त्यावर बारा महिने दिवाळीची रोषणाई केली असती, तर साधारण असेच दृश्य दिसले असते. फरक इतकाच की लॅमिंग्टन रोडवर माणसे सुटे भाग घ्यायला जातात. इथे पुष्कळजण वाद घालायला आल्यासारखे दिसतात. वादाचा विषय असतो व्हिडिओ गेम.

या गजबजाटाच्या मुळाशी एक आग आहे. 1869 मध्ये हा भाग जळाला. आग पुन्हा पसरू नये म्हणून मोकळी जागा सोडली गेली आणि अग्निनिवारणासाठी एक देऊळ उभारले गेले. लोकांनी त्याचा संबंध अग्निरक्षक देव ‘अकिबा’शी जोडला आणि त्या नावावरून अकिहाबारा झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यावर रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार भरू लागला. पुढे टीव्ही, धुलाईयंत्रे, टेपरेकॉर्डर आले. 1976 मध्ये ‘रेडिओ काइकान’ या इमारतीत एनईसी कंपनीने छोट्या संगणकांचे केंद्र उघडले. हळूहळू घरगुती वस्तूंचे गिऱ्हाईक उपनगरांतल्या मोठ्या दुकानांकडे वळले आणि इथे उरले संगणकांचे आणि खेळांचे वेडे. रुळांखालच्या बोळांत अजूनही तारा, बटणे आणि बल्ब वाट्यांत मांडून विकणारे दुकानदार बसतात. गर्दी मात्र वरच्या मजल्यांवर असते.

त्या गर्दीचे रहस्य समजून घ्यायचे तर 10 फेब्रुवारी 1988 पर्यंत मागे जावे लागते. त्या दिवशी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळाचा तिसरा भाग विक्रीला आला. आपल्याकडची मुले पुढे ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ यांवर वाढली. हा प्रकार वेगळा. यात एक लांबलचक कथा असते. नायकाला गावोगाव हिंडवून, लढवून, पैसे साठवून मोठे करायचे आणि शेवटी दुष्टाचा नाश करायचा. एक खेळ पुरा व्हायला काही आठवडेही लागतात. कथा युजी होरी यांची, चित्रे ‘ड्रॅगन बॉल’वाले अकिरा तोरियामा यांची. टोकियोच्या मोठ्या दुकानांपुढे आदल्या रात्रीपासून रांगा लागल्या. पहिल्याच दिवशी खपलेल्या कॅसेटींची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. आणि तो दिवस बुधवार होता! शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकले. धाकट्या मुलांच्या हातातली नवी कॅसेट दांडग्या मुलांनी हिसकावल्याच्याही बातम्या आल्या. आईबाप आणि शिक्षक संतापले.

यानंतर जपान सरकारने कायदा करून हा खेळ कामाच्या दिवशी विकायला बंदी घातली, अशी एक आख्यायिका जगभर सांगितली जाते. तसा कायदा कधीच झाला नाही. कंपनीनेच शहाणपण दाखवले आणि चौथा भाग 1990 मध्ये, 11 फेब्रुवारीच्या रविवारी आणला. व्यापाऱ्यांचे शहाणपण निराळ्या जातीचे होते. एका घाऊक व्यापाऱ्याने दुकानदारांना अट घातली : न खपलेले जुने खेळ उचलाल तरच हा नवा मिळेल. आपल्याकडे टंचाईच्या काळात साखरेबरोबर साबण गळ्यात मारावा, तशातली ही गोष्ट. 1992 मध्ये जपानच्या व्यापार आयोगाने हा प्रकार बेकायदा ठरवला.

आता वादाकडे वळू. ड्रॅगन क्वेस्टचा पहिला भाग 1986 चा. पुढच्याच वर्षी ‘स्क्वेअर’ या कंपनीने ‘फायनल फँटसी’ आणला आणि जपानी शाळकरी जगात दोन पंथ पडले. जपानीत पंथाला किंवा गटाला ‘हा’ म्हणतात; एक ‘दोराकुए-हा’, दुसरा ‘एफएफ-हा’. पहिल्या पंथाला ओळखीची सुरावट, न बोलणारा नायक आणि साधी सोपी कथा प्रिय. दुसऱ्याला प्रत्येक भागात नवे जग, नवी माणसे आणि सिनेमासारखा थाट हवा. पहिले म्हणतात, “तुमचा खेळ खेळायचा नसतो, नुसता बघायचा असतो.” दुसरे म्हणतात, “तुमच्याकडे दर वेळी तेच जेवण, फक्त ताट नवे.” दोन्ही आरोपांत तथ्य आहे, म्हणूनच ते झोंबतात. 1997 च्या जानेवारीत फायनल फँटसीचा सातवा भाग निन्टेंडोचे यंत्र सोडून सोनीच्या प्लेस्टेशनवर आला, तेव्हा भांडणात यंत्राचीही भर पडली.

बाहेरच्या माणसाला हे सारे पोरकट वाटते. पण किमती पाहिल्या की निराळाच अर्थ लागतो. फायनल फँटसीचा सहावा भाग 1994 मध्ये आला, ड्रॅगन क्वेस्टचा सहावा 1995 मध्ये. दोघांची छापील किंमत अगदी सारखी : 11,400 येन. ज्या यंत्रावर ते चालत, त्या सुपर फॅमिकॉमचीच किंमत 25,000 येन होती. नव्या वर्षाला वडीलधाऱ्यांनी दिलेले पैसे जमवून मुलगा एकच खेळ घेऊ शकत असे. मासिकांतल्या जाहिराती महिनोनमहिने वाचून त्याचे मत खेळ हाती येण्यापूर्वीच पक्के झालेले असे. मग शेजारच्या बाकावरच्या मित्राने “तुझा खेळ भिकार” म्हटले, की तो खेळावरचा अभिप्राय राहत नसे. त्याच्या अकलेवरचा आणि साठवलेल्या पैशांवरचा शेरा होई. दोन्ही खेळ घरी असलेली मुले भांडत नसावीत, असे मानायला जागा आहे.

कंपन्यांनी मात्र भांडण गुंडाळले. 1 एप्रिल 2003 रोजी ड्रॅगन क्वेस्टची ‘एनिक्स’ आणि ‘स्क्वेअर’ एक झाल्या. गावसकर मोठा की विश्वनाथ यावर आपल्याकडे घराघरांत खडाजंगी व्हावी आणि त्या दोघांनी मेहुणे-मेहुणे म्हणून एका पंक्तीला बसावे, तसेच हे झाले. चाहते तरीही थांबले नाहीत. ‘फामित्सू’ या साप्ताहिकाच्या 2006 च्या वाचक-कौलात फायनल फँटसीचा दहावा भाग पहिला आला. 2021 मध्ये टीव्ही असाही या खासगी वाहिनीने देशभर मते मागवली, तेव्हा ड्रॅगन क्वेस्टचा पाचवा भाग त्याच्या वर, दुसऱ्या क्रमांकावर चढला. पहिला क्रमांक मात्र ‘झेल्डा’ नावाच्या तिसऱ्याच खेळाने पळवला.

या पाचव्या भागाने तर एकाच पंथात फूट पाडली आहे. 1992 च्या या खेळात नायकाला बायको निवडावी लागते : लहानपणची गरीब मैत्रीण बियांका की श्रीमंत घरची सालस फ्लोरा? निवडीनुसार पुढे होणाऱ्या जुळ्या मुलांच्या केसांचा रंगसुद्धा बदलतो. बियांकाला नाकारणारा माणूस कृतघ्न, असे एक पक्ष म्हणतो. सासऱ्याची दौलत ही काय वाईट गोष्ट आहे, असे दुसरा विचारतो. त्या काळी शाळेत असलेली आणि आता पोराबाळांची झालेली माणसे या सोयरिकीवर अजून हमरीतुमरीवर येतात. 2008 मध्ये कंपनीने डेबोरा नावाची तिसरी, फटकळ वधू आणून तोडगा काढला. तिचाही एक पक्ष तयार झाला.

रांगा आता ओसरल्या. ड्रॅगन क्वेस्टचा तिसरा भाग नव्या रूपात 14 नोव्हेंबर 2024 ला आला तो गुरुवारी, म्हणजे नेमका आपल्या बालदिनी, आणि कुणाला शाळा बुडवावी लागली नाही. खेळ घरबसल्या यंत्रात उतरवून घेता येतो. अकिहाबारात ‘सुपर पोटॅटो’सारख्या जुन्या खेळांच्या दुकानांत दोन्ही पंथांच्या कॅसेटी एकाच फळीवर खेटून असतात. खोके नसलेल्या कॅसेटी बऱ्याच स्वस्त मिळतात. खोके शाबूत असेल तर मात्र भाव चढतो. चाळिशीतली माणसे बोटांनी त्या चाळत उभी दिसतात.

ज्यांना हा बाजार पाहायचा आहे, त्यांनी रविवारची दुपार निवडावी. एक वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत मुख्य रस्ता गाड्यांना बंद असतो. अनेक भारतीय कुटुंबे राहतात त्या निशी-कासाईहून तोझाई मार्गाने कायाबाचोला यावे आणि तेथून हिबिया मार्गाची गाडी पकडावी. जुने यंत्र विकत घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात : जुने खेळ बहुतेक जपानी भाषेतच असतात, आणि जपानमध्ये वीज 100 व्होल्टची असते, तिथला अडॅप्टर आपल्या घरच्या प्लगला थेट लावला तर खेळ सुरू होण्याआधीच धूर निघेल.