पान ७

तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. टी.वाय.च्या वर्गावर रॉबर्ट पर्सिग आला की फळ्यावर चार पायऱ्या काढायच्या, हा दरवर्षीचा शिरस्ता: जड, जैविक, सामाजिक, बौद्धिक. सामाजिक मूल्य म्हणजे मान, पत, शिस्त, चारचौघांत शोभेल ते. बौद्धिक मूल्य म्हणजे खरं असेल ते, मग सांगणारा कुणीही असो. दोघांत जुंपली तर बौद्धिकाची पायरी वरची, असं पर्सिगचं म्हणणं. इथून मी हटकून आगरकरांवर यायचो. पुण्यात जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी लेखणी आवरली नाही, हे सांगताना माझा आवाज चढायचा.

एका वर्षी याच तासाला मी म्हणालो, ही चार पायऱ्यांची मांडणी १९७४च्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स'मधली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, ती 'लीला'मध्ये आहे ना? १९९१च्या?"

वर्गात खसखस पिकली. मी खडू ठेवला. "पेपर तू तपासणार आहेस की मी?" ती बसली.

घरी येऊन दोन्ही पुस्तकं काढली. तिचंच बरोबर होतं. उद्या वर्गात सांगून टाकू, असं ठरवून झोपलो. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिच्या नावाशी अडखळलो आणि तसाच पुढे गेलो. वर अंतर्गत गुणांत तिचे दोन कापले. कारण कुठे लिहिलं नाही. मनात 'उद्धट' होतं.

सामाजिक मूल्य मला कायम दुसऱ्यांत दिसायचं: सोवळ्यात, हुंड्यात, प्रेतयात्रा काढणाऱ्यांत. सरांची खुर्चीही त्याच पायरीवर असते, हे डोक्यातच आलं नाही. ती पायरी टाकाऊ आहे असं नाही, पर्सिगही तसं म्हणत नाही. जैविक वृत्तींना लगाम समाजच घालतो, आणि विसाव्या शतकातल्या बुद्धिवाद्यांना याचा विसर पडला, अशी उलट त्याची तक्रार आहे. सर आले की पोरं गप्प होतात म्हणून तास तरी सुरू होतो. पण १९७४ की १९९१, हे खुर्चीला विचारायचं नसतं.

ते दोन गुण कापले ते कापलेच. माझ्या नोट्स कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे अजून मिळतात. कुणाकडे असतील तर पान ७ वर १९७४ खोडून १९९१ करून घ्या.