बोटीचं वय

जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. तळातून पाणी ओढून ती ते मागं जोरात फेकते आणि त्या धक्क्यानं पुढं जाते. ऐकून मला बरं वाटलं, कारण पाण्यात उतरणार आहे नातू. मुलगा मिशिगनला असतो, तिथं सरोवरांना तोटा नाही. त्यानं दोन वापरलेल्या यामाहा पाहून ठेवल्यात, एक 2008 ची, एक 2014 ची. "आई, दुसरी सहा वर्षांनी नवी आहे," म्हणून तो तिकडंच झुकलेला.

पाणी ओढायच्या तोंडाशी जाळी असते. पाणी गाळून पिणाऱ्या आम्हा जैनांना ती आपलीच वाटावी! पण वाळू तिच्यातूनही आत जाते आणि आतलं चक्र, म्हणजे इम्पेलर, झिजवते. इंजिन थंड होतं तेही याच बाहेरच्या पाण्यानं. आता नवी बोट फ्लोरिडाच्या खाऱ्या पाण्यात चारशे तास चाललेली, जुनी गोड्या सरोवरात दीडशे. मग म्हातारी कुठली?

माझा कौल जुनीलाच होता. एक गोष्ट मात्र आडवी आली. समोर काही दिसलं म्हणून घाबरून गॅस सोडला, की झोत थांबतो आणि स्टिअरिंग फिरवलं तरी बोट नीट वळत नाही. नंतरच्या काही मॉडेलांत झोताच्या तोंडाला सुकाणूसारखं पातं आलं. 2014 चीला ते आहे. जुनीला वेगळं आणून लावता येतं म्हणे.

"आधी ते पातं बसव, मग नातवाला बसव," मी सांगितलं.