मूळ रंगाची हेरल्ड

जुन्या मोटारी विकावयास काढणाऱ्यांच्या जाहिरातींत ‘ओरिजिनल’ हा शब्द हटकून आढळतो. मूळ रंग, मूळ इंजिन, मूळ आसने. फार काय, मूळ आरसा आणि मूळ किल्ली. नव्या वस्तूला कोणी मूळ म्हणत नाही, कारण तिच्याविषयी तशी शंकाच कोणाला येत नाही. वस्तू पन्नाशी ओलांडून गेली, तिच्या बरोबरीच्या बहुतेक मोडीत निघाल्या, म्हणजे मग तिच्या अंगावरचा पहिला रंग हीच तिची दौलत ठरते. ‘व्हिंटेज’ हा दुसरा शब्दही असाच सढळ हाताने वापरला जातो. इंग्लंडातील जाणकार मंडळी तो १९३० सालापर्यंतच्या मोटारींपुरताच राखून ठेवतात आणि त्या बाबतीत फार सोवळे पाळतात. आमच्याकडे तितके सोवळे नाही. म्हणूनच १९६३ सालची एक स्टँडर्ड हेरल्ड ‘व्हिंटेज, संपूर्ण मूळ स्थितीत’ अशा वर्णनासह मैलापुरात विकावयाची आहे असे कानावर आले, तेव्हा आम्हां उभयतांना त्यात वावगे काही वाटले नाही.

हेरल्डची ओळख तरुण वाचकांना करून देणे अवश्य आहे. १९६० नंतरच्या दशकात या देशात घरगुती मोटारी बनविणारे कारखाने तीन: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसिडर, मुंबईस कुर्ल्याला फियाट आणि मद्रासेस स्टँडर्ड. मराठी माणसाचा जीव साहजिकच कुर्ल्याच्या फियाटवर. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कारखान्याची ती गाडी. मद्रासच्या माणसाला मात्र हेरल्ड घरची वाटे. मोटारीचे वेड या शहराला जुनेच आहे. मौंट रोडवरच्या सिम्प्सन कंपनीत सॅम्युअल जॉन ग्रीन याने १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार बांधली होती. पुढे १९४८ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड कंपनीशी संधान बांधून येथे स्टँडर्ड मोटार प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली आणि शहराच्या दक्षिणेस वंडलूरला तिचा कारखाना उभा राहिला. आज वंडलूर म्हटले की येथील मुलांना प्राणिसंग्रहालय आठवते. कारखाना १९८८ सालीच बंद पडला. शेवटी शेवटी त्याने रोव्हरच्या ऐटबाज सांगाड्यात जुनाट इंजिन बसवून ‘स्टँडर्ड २०००’ नावाची एक महागडी गाडी काढली होती. श्रीमंतांनी तिच्याकडे पाहिले, पेट्रोलचा हिशेब केला आणि पाठ फिरविली.

हेरल्डचे तसे नव्हते. ट्यूरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रेखाकाराने तिला रूप दिले. इंग्लंडात ती १९५९ साली रस्त्यावर आली आणि मद्रासला १९६१ साली. दोन दारे, ९४८ घनसेंटिमीटरचे लहानसे इंजिन, आणि पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळून मागे फिरण्याची विलक्षण हातोटी. कपालीश्वराच्या देवळाभोवतालच्या माड रस्त्यांवर ज्यांनी कधी मोटार हाकली असेल त्यांना या शेवटच्या गुणाची किंमत सांगावयास नको. पुढे वंडलूरकरांनी तिला चार दारे लावली. तसली हेरल्ड खुद्द इंग्लंडातही कधी निघाली नाही.

तिच्या बांधणीत एक गंमत आहे, आणि आमच्या विषयाशी तिचा निकटचा संबंध आहे. त्या काळच्या नव्या मोटारींचे अंग एकसंध पत्र्याचे असे. हेरल्डचे अंग मात्र निरनिराळ्या तुकड्यांचे, बोल्टांनी एकमेकांस आणि खालच्या चासीस जोडलेले. कारण व्यापारी होते. जो कारखाना स्टँडर्डला मोटारींचे सांगाडे पुरवीत असे, तो १९५३ साली प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. तेव्हा लहान लहान कारखान्यांकडून तुकडे करवून घेऊन ते जोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. सांध्यांतून पाऊस आत येतो ही हेरल्डची कुप्रसिद्ध खोड त्यातूनच आलेली. पण त्यातूनच एक सोयही आली: गाडीचा एखादा भाग ठेचला तर तेवढाच सोडवून दुसरा बसविता येतो. पुढचे बॉनेट तर मडगार्डांसकट एकच तुकडा आहे. दोन्ही बाजूंच्या कड्या काढल्या की ते मगरीच्या जबड्यासारखे पुढे उघडते, आणि मेस्त्री खुशाल पुढच्या चाकावर बसून काम करतो.

गाडीच्या मालकीणबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. घराणे तंजावरकडचे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात कावेरीकाठी गेलेली मराठी त्यांच्या घरात अजून बोलली जाते. आमच्या कानांना ती पहिली दहा मिनिटे अर्धवटच कळते. मग एकाएकी एखादा बखरीत शोभेल असा शब्द येतो आणि त्याच्या पाठोपाठ तीन तमिळ शब्द. सारी गल्ली त्यांना ‘मामी’ म्हणते, म्हणून आम्हीही मामी म्हटले. त्यांनी पस्तीस वर्षे मुलींना गणित शिकविले, आणि त्यांतली बहुतेक वर्षे या हेरल्डमधून त्या स्वतः मोटार हाकीत कॉलेजला गेल्या. गाडी घेतली सासऱ्यांनी, चालविली सुनेने. यजमानांना मोटार हाकण्याची हौस कधीच नव्हती. ते शेजारी बसून वर्तमानपत्र वाचीत असत.

पडवीच्या टोकाला मंगलोरी कौलांच्या मोटारखान्यात हेरल्ड उभी होती. रंग फिकट राखाडी. नंबराची पाटी जुनी, मद्रास राज्याच्या काळातली. राज्याचे नाव तमिळनाडू झाले १९६९ साली, पाटी तशीच राहिली. उजव्या दाराच्या काठावर, कोपर टेकते तिथे, रंग झिजून खालचा अस्तराचा थर दिसत होता. मैल दाखविणाऱ्या काट्याची काच पिवळसर पडलेली. डॅशबोर्डच्या मधोमध एक डाग होता, तांबूस तपकिरी, रुपयाएवढा. दर आयुधपूजेला त्याच जागी चंदन आणि कुंकू लागत आले आहे. मुंबई-पुण्याकडे आपण दसऱ्याला मोटारीच्या नाकावर झेंडूची माळ घालून मोकळे होतो. इकडे चाकाखाली लिंबू चिरडतात, रस्त्यावर कोहळा फोडतात आणि गाडीला आतून-बाहेरून कुंकवाची बोटे लावतात. पूर्वी येऊन गेलेल्या एका संग्राहकाने तो डाग रसायनाने काढून टाकावा लागेल, म्हणजे डॅशबोर्ड ‘ओरिजिनल’ होईल, असे सुचविले होते. मामींना त्या सूचनेचे हसू आवरत नव्हते. कारखान्यातून गाडी आली त्या संध्याकाळी पहिले बोट सासूबाईंनी लावले होते. तासाभराचा फरक, असे त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आपण होऊन सांगितले, “बॉनेट मूळचे नाही हो. जाहिरात नातवाने लिहिली. त्याला ठाऊक नाही आणि मी सांगितले तर त्याला पटत नाही.” १९७८ साली एका बसने धडक दिली, बॉनेटचा चुराडा झाला. मेस्त्रीने पुदुपेटेतून दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या हेरल्डचे बॉनेट आणले आणि जवळात जवळचा राखाडी रंग मारला. उन्हात नेऊन पाहिले तर दोन राखाड्यांतला फरक आजही ओळखू येतो. आम्हांला तो त्यांनी दाखविल्यावर दिसला. डागाबद्दल बोलणारा तो संग्राहक बॉनेटची हकीगत ऐकताच चहाही न घेता उठला म्हणे. दुसरा एक ग्राहक परप्रांतीय होता. त्याला बॉनेटची पर्वा नव्हती, कारण तो सगळीच गाडी लाल-पांढरी रंगवून लग्नाच्या वरातींना भाड्याने देणार होता. त्याने पैसे सर्वांत जास्त देऊ केले. मामींनी त्याला नकार दिला. आणि नातवाला तो नकार अमेरिकेत बसून अद्याप उमगलेला नाही.

पुदुपेट ही चेन्नईतली एक अजब पेठ आहे. कूवम नदीच्या काठाला लागून मोडीत काढलेल्या वाहनांचे अवयव तिथे दुकानादुकानांतून टांगलेले असतात: दरवाजे एका रांगेत, स्टिअरिंगची चाके दुसऱ्या रांगेत. पाहताना मिलिंद राजाची आणि नागसेन भिक्षूची ती जुनी कथा आठवल्यावाचून राहत नाही. रथातून आलास म्हणतोस, तर रथ कुठे आहे, कणा म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, असे नागसेनाने राजाला विचारले होते. पुदुपेटेतल्या व्यापाऱ्याने त्याला चटकन उत्तर दिले असते: कणा इतक्याला, चाक तितक्याला, आणि रथ उभा हवा असेल तर तसे बोला. मामींच्या गाडीतले टायर, बॅटरी, तारा, दारांची रबरे आणि कार्ब्युरेटर आयुष्यात अनेकदा बदललेले आहेत. ते न बदलते तर गाडी १९७० च्या सुमारासच बसकण मारती. चाळीस हजारांवर मैल धावलेली मोटार मूळ स्थितीत राहावी अशी अपेक्षा करणाऱ्याने तिचे धावणे हिशेबात धरलेले नसते, असे आम्हांला वाटते.

कायद्याची दृष्टी आणखी निराळी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या आणि चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ ठरविता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, मुदत दहा वर्षांची; आधीची नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. इथवर सारे उदार आहे. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मोटारींची मिरवणूक, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच तिला मोकळीक. मामींनी नियमाचा कागद भिंगाखाली धरून वाचला होता. दुसऱ्या हेरल्डचे बॉनेट हा मोठा फेरबदल ठरतो की काय, हा प्रश्न त्यांनी दोन वकिलांना विचारला आणि त्यांना तीन मते मिळाली. शेवटी तो अर्ज त्यांनी भरलाच नाही. १९८८ च्या कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी साधी नोंदणी नवी करून घ्यायची, गाडी तपासणीस न्यायची आणि घरी आणायची, हाच क्रम त्यांनी चालू ठेवला. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्या स्वतः चालवीत नाहीत. दर शुक्रवारी सकाळी तो पुदुपेटचा मेस्त्री येतो, आता तोही सत्तरीचा आहे. मामी शेजारी बसतात आणि हेरल्ड सांथोमवरून समुद्राच्या कडेकडेने दीपगृहापर्यंत जाऊन परत येते.

आम्हांला त्यांनी एकच प्रश्न दोनदा विचारला: “चालवणार, की नुसती ठेवणार?” चालवणार, असे आम्ही मनापासून सांगितले. किंमत चार लाख होती आणि ती आम्हांला जड असली तरी अशक्य नव्हती. तिसरा प्रश्न त्यांनी गणिताच्या बाईंना शोभेल असा विचारला. गाडी ठेवणार कुठे आणि ती जागा रस्त्यापासून किती उंच?

आमचे बिऱ्हाड वेळाचेरीस आहे. ज्यांना चेन्नईची माहिती आहे त्यांना एवढे वाक्य पुरे. पळ्ळिकरणैच्या दलदलीला लागून असलेल्या या सखल वस्तीत डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ च्या वादळात मोटारी पाण्यात बुडाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये नुसता अतिवृष्टीचा इशारा मिळाला तर वेळाचेरीच्या लोकांनी आपापल्या गाड्या उड्डाणपुलाच्या कडेला रांगेने नेऊन उभ्या केल्या. आम्हीही त्या रांगेत होतो. आमची आजची गाडी नवी आहे, तिचा विमा आहे, आणि ती भिजली तर दुसरी येईल. हेरल्डचे सांधे मात्र वरून येणाऱ्या पावसालाही वाट देतात. खालून चढणाऱ्या पाण्याला त्यांनी काय अडवावे! मामींच्या मोटारखान्यात २०१५ साली पाणी आले ते पायरीच्या दोन बोटे खाली थांबले होते. त्यांनी भिंतीवर खडूने खूण करून ठेवली आहे, तारीख घालून.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. आमच्या इमारतीखालच्या खांबांमध्ये ती राखाडी गाडी उभी आहे असे चित्र दोघांच्याही डोळ्यांसमोर होते आणि चित्रात पाणी होते. आणलीच असती तर दर ऑक्टोबरात ती ताडपत्रीखाली उड्डाणपुलावर ठेवावी लागली असती, आणि उरलेले वर्ष आम्ही आभाळाकडे पाहत काढले असते. दोन दिवसांनी आम्ही फोन करून नकार कळविला आणि कारणही सांगितले. मामींना वाईट वाटल्याचे जाणवले नाही. “बरे झाले सांगितले. पाणी न येणाऱ्या घरचा कोणी तुमच्या ओळखीत आहे का?” असे त्यांनी विचारले.

त्यांचे घर पाडून तिथे सदनिका व्हायच्या आहेत. बिल्डरशी करार झाला आहे, मधल्या काळासाठी तिसऱ्या मजल्यावरचे एक भाड्याचे घर ठरले आहे, आणि त्याला मोटारखाना नाही. घर रिकामे करण्याची तारीख पोंगलनंतरची आहे. तेव्हा मराठी मंडळींपैकी कोणाचा मोटारखाना उंचावर असेल, हाताशी जुन्या पद्धतीचा मेस्त्री असेल, आणि दोन राखाड्यांतला फरक ज्यांना खपेल, त्यांनी मैलापुरात चौकशी करावी. बॉनेटची हकीगत त्यांना मामी पहिल्या दोन मिनिटांतच सांगतील. शुक्रवारी सकाळी मात्र जाऊ नये. त्या वेळी गाडी समुद्रावर गेलेली असते.