सफरचंद आणि पक्षीण

आमच्या खिडकीतून रात्री विमानतळाचे दिवे दिसतात. आजोळच्या ओटीवरून पूर्वी उलव्याची टेकडी दिसायची. विमानतळासाठी ती कापली, नदीचं पात्र वळवलं, गावं उठली. तक्रार कुठल्या तोंडाने करू? मी राहते ती इमारतही त्याच बदलाची.

लेकाला झोपताना गोष्ट लागते. सध्या सी. एस. लुईसचं नार्निया चाललंय. ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’मधला डिगरी दूरच्या बागेतून सफरचंद आणतो, अंथरुणाला खिळलेली त्याची आई ते खाते आणि बरी होते. ‘वाचली ना?’ एवढं विचारून लेक कुशीवर वळला. झोप माझी उडाली.

कारण लुईसच्या घरी सफरचंद आलंच नव्हतं. बेलफास्टमध्ये 1908 च्या ऑगस्टमध्ये त्याची आई कॅन्सरने गेली. तो नऊ वर्षांचा होता. आई बरी व्हावी म्हणून त्याने देवाला विनवलं होतं. देव म्हणजे कुणी जादूगार, काम करून देईल आणि जाईल, अशी त्याची समजूत. महिनाभरातच त्याला इंग्लंडच्या बोर्डिंगात धाडलं. पुढे तो नास्तिक झाला, तिशीत पुन्हा ख्रिस्ताकडे वळला, आणि 1955 साली एकदाचं ते सफरचंद आईपर्यंत पोचवलं. सत्तेचाळीस वर्षं लागली.

असंच एक पोर आपल्याकडेही होतं. नारायण वामन टिळक, जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील तापट, आई जानकीबाई मायाळू. ती गेली तेव्हा हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचा. घर सुटलं, नाशकात संस्कृत शिकला, 1895 मध्ये ख्रिस्ती झाला. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ केलेल्या माझ्या पिढीला ती जखमी पक्षीण आठवत असेल. रक्त गळत असतानाही ती धडपडत पिलांपाशी येते आणि तिथेच प्राण सोडते. टिळकांनी तिला वाचवलं नाही.

पण ख्रिस्ताला त्यांनी आई म्हटलं. माय-गुरू म्हटलं. माझा तर्क असा, की लुईसला आईसाठी अख्खं दुसरं जग उभारावं लागलं. टिळकांना शब्द घरचाच मिळाला. विठ्ठलाची विठाई करणारी, ज्ञानोबांना माउली म्हणणारी भाषा पोरक्या पोराच्या तोंडात आधीच होती.

लहानपणी लुईसला खिडकीतून लांबवर टेकड्यांची रांग दिसे. फार दूर नव्हती, पण त्या वयात तिथवर जाणं अशक्यच. हुरहूर म्हणजे काय ते आपल्याला त्या टेकड्यांनी शिकवलं, असं त्याने लिहून ठेवलंय. हे काल लेकाला सांगितलं.

‘आपली टेकडी केवढी होती?’

मी हात वर करून दाखवला. मागच्या वेळी जमिनीवर उभी राहून दाखवला होता. काल पलंगावर चढले.