व्यापाऱ्याची त्वचा

दिवाळीनंतर नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक वाढू लागली, की शहराभोवतीच्या पथाऱ्या थोड्याच दिवसांत तांबड्या होतात. हा माल वाळून गोण्यांत भरला जाईपर्यंत व्यापारी घरातील पुरुषांचा सारा दिवस मिरचीच्या सहवासात जातो. सकाळी लिलाव, दुपारी पथारीवर देखरेख, सायंकाळी गादीवर हिशेब. खोकला आणि शिंका यांची सवय घराघरांत आहे. त्वचेचा विचार मात्र कोणी करीत नाही. पुरुषाच्या वाट्याला साबणाची एक वडी आणि दाढीचे सामान आले, की त्याची सोय झाली असे मानले जाते. चेहऱ्याची निगा राखणे हा नटांचा उद्योग, ही समजूत बाजारपेठेत अजून घट्ट आहे.

वास्तविक मिरचीची आग ही रसायनशास्त्राची साधी गोष्ट आहे. तिच्यातील कॅप्सायसिन हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून हाताची आग होऊ लागली की नळाखाली हात धरणाऱ्याला फारसा आराम पडत नाही. आधी खाण्याचे तेल चोळावे, ते पुसून काढावे आणि मग साबणाने हात धुवावेत. जुनी माणसे पथारीवर जाण्यापूर्वी हातांना व मानेला तेलाचा हात फिरवीत, त्यात हाच हिशेब होता. दाढीचेही तसेच. वस्तरा फिरला की त्वचेचा वरचा थर सोलवटतो, बारीक चिरा पडतात, आणि अशा ताज्या चेहऱ्याने मिरचीच्या धुळीत गेले की जळजळ ठरलेलीच. मोसमात दाढी रात्री करणे, किंवा वस्तऱ्याऐवजी ट्रिमर वापरणे, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. तुरटीने बारीक रक्तस्राव थांबतो. पण तुरटी त्वचा कोरडी करते, म्हणून तिच्यानंतर खोबरेल तेलाचा एक थेंब हवा. सातपुड्याकडून थंड वारे येऊ लागले की याची गरज अधिकच जाणवते.

अशाच एका तीन पिढ्यांच्या घरात दादाजींचा हा नेम पन्नास वर्षांचा होता. त्यांच्या मुलाला आणि नातवाला तो जुनाट वाटे.

प्रकरण सुरू झाले ते पावसाळ्यात. दिवसभर गादीवर बसून राहणे, घाम, कृत्रिम धाग्याची घट्ट पँट आणि नीट न वाळलेले कपडे, एवढे नायट्याला पुरेसे असते. मुलाला मांडीच्या सांध्यात नायटा झाला. औषधांच्या दुकानातून कोणतीही चिठ्ठी न दाखवता एक मलमाची नळी आली. चार दिवसांत खाज थांबली, पंधरा दिवसांनी नायटा दुप्पट जागेत परतला, पुन्हा नळी आली. ती घराच्या कपाटात कायमची वस्तीला राहिली. नातवाचे वय चोवीस, चेहऱ्यावर मुरुमांचे डाग, आणि घरात लग्नाची बोलणी. त्याने तीच नळी तोंडाला लावली. दोन आठवड्यांत चेहरा असा उजळला की आत्याने कौतुकाने विचारले, कोणते क्रीम वापरतोस?

या मलमांत बुरशीनाशकाबरोबर बहुधा तीव्र स्टिरॉइड असते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते, सूज आणि लाली दडपते, म्हणून रंग उजळल्याचा भास होतो. नायट्यावर मात्र ते विपरीत काम करते: खाज थांबते, पण शरीराचा प्रतिकार मंदावल्याने बुरशी आत पसरत जाते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावले तर त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा उमटतात, लव वाढते, आणि मलम थांबवताच चेहरा पेटल्यासारखा होतो. मग माणूस पुन्हा तेच लावतो. चक्रवाढ व्याजाचे कर्ज व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. हे त्याच जातीचे आहे. केंद्र सरकारने २०१८ साली अशी १४ बाह्योपचाराची स्टिरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये घेतली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला, दुकानाच्या फळीवर हात मात्र जुन्याच सवयीने जातो.

मिरचीचा मोसम आला तेव्हा नातू पथारीवर अर्धा तासही उभा राहू शकेना. ऊन लागले तरी आग, धूळ उडाली तरी आग. घरात आधी ‘पित्त’ म्हणून निदान झाले, मग ‘नजर’ म्हणून. अखेर धुळ्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नळी हातात घेऊन पाहिली आणि नेमके किती महिने, एवढेच विचारले. मलम बंद करावे लागेल, लाली आधी वाढेल, उतरायला काही महिने लागतील, आणि या काळात तोंडाला सौम्य साबण, साधे मॉइश्चरायझर व सनस्क्रीन याखेरीज काही लावायचे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

नेमक्या त्याच दिवसांत मुलीकडची मंडळी यायची होती. मुलाच्या आईचा जीव कासावीस झाला.

“दादाजी, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. त्या दिवसापुरते लावू द्या त्याला.”

“सूनबाई, मिरचीला रंग लावून आपण कधी विकली आहे का?”

मंडळी आली, नातू लाल चेहऱ्याने समोर बसला. त्या स्थळाची बोलणी पुढे सरकली नाहीत. कारण चेहरा होता की आणखी काही, हे विचारण्याची रीत नाही.

सनस्क्रीनची बाटली घरात आली तेव्हा आजींनी वेगळाच प्रश्न काढला: यात काय काय असते? प्रश्न रास्त होता. फरसाणाच्या पाकिटावर कांदा-लसूण शोधणारी नजर साबणाच्या वेष्टनावर सहसा जात नाही. ‘सोडियम टॅलोएट’ म्हणजे जनावराच्या चरबीपासूनचा साबण, ‘सोडियम पामेट’ पाम तेलाचा. ‘लॅनोलिन’ मेंढीच्या लोकरीतून निघते, ‘कार्माइन’ हा रंग किड्यांपासून बनतो. ग्लिसरीन व स्टिअरिक आम्ल दोन्हीकडून येऊ शकते. सर्वच वेष्टनांवर हिरवा ठिपका असतो असे नाही, तेव्हा वाचण्याला पर्याय नाही. प्राण्यांवर चाचणी केलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या आयातीवर भारताने २०१४ मध्ये बंदी घातली, ही त्यातली समाधानाची बाब. बाटली निर्दोष निघाली. दोषी निघाला तो दादाजींचाच दाढीचा ब्रश. त्याचे केस डुकराचे होते, आणि सामायिकाला बसणाऱ्या घरात तो वर्षानुवर्षे आरशाखाली उभा होता. त्याच दिवशी नायलॉनचा ब्रश आला.

नटणे श्रावकाला शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांनी उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाचे प्रकरण पुन्हा पाहावे. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात असलेला हा गृहस्थ भगवान महावीरांसमोर उपभोगाची मर्यादा घेतो तेव्हा त्या यादीत अंग पुसण्याचे वस्त्र आहे, दात घासण्यासाठी जेष्ठमधाची ओली काडी आहे, शतपाक व सहस्रपाक तेल आहे, गव्हाच्या सुगंधी पिठाचे उटणे आहे, स्नानाला आठ घडे पाणी आहे, लेपाला अगरू, केशर व चंदन आहे. स्नानत्याग हा साधूंचा आचार. गृहस्थाने स्वच्छ राहावे, पण किती वस्तूंनी, हे मोजून ठरवावे. आजच्या तरुणाच्या कपाटातील नळ्या आणि बाटल्या त्या यादीशेजारी ठेवून पाहिल्या तर आनंद श्रावक साधा वाटू लागतो!

होळीपर्यंत नातवाच्या चेहऱ्याची लाली बरीच उतरली. बाबूजींचा नायटाही गोळ्यांचा पूर्ण क्रम घेतल्यावर गेला. सैल सुती कपडे आणि घरातील सर्वांना स्वतंत्र पंचा, हा नियम त्यानंतर आला. नातू पुन्हा पथारीवर जाऊ लागला, तोंडाला सनस्क्रीन आणि नाकावर सुती रुमाल बांधून. तेथे मिरची निवडणाऱ्या बायकांचे हात त्याला पहिल्यांदा नीट दिसले असावेत. त्या तर दिवसभर उघड्या हातांनी तोच माल हाताळतात. त्याने पथारीच्या कडेला पाण्याची टाकी, साबण आणि शेंगदाणा तेलाचा एक डबा ठेवला.

महिनाअखेरीस मुनीमजी वही घेऊन आले आणि त्यांनी दादाजींना विचारले, तेल, साबण आणि भाऊंची ती उन्हाची बाटली, हे घरखर्चात लिहू की दुकानखर्चात? दादाजींनी चष्मा वर केला आणि बाटलीची किंमत वाचून क्षणभर थांबले. “दुकानखर्चात,” ते म्हणाले, “ताडपत्रीच्या खाली.”