गैरहजर माणसाचा संघ

बेसबॉल मला न्यू जर्सीत आल्यावर कळला, आणि तोही मैदानाआधी टेबलावर. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' लीगमध्ये एक संघ रिकामा झाला होता. तो चालवशील का, म्हणून त्यांनी विचारलं. शाळेच्या मागच्या बाकावर बुक क्रिकेट खेळत मी मोठा झालेलो, नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पुढे लीगचा सगळा कारभारच माझ्याकडे आला.

हॅल रिचमन यांनी हा खेळ १९६१ साली बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड आणि तीन फासे, एवढंच सामान. वेगळ्या रंगाच्या फाशावर एक ते तीन पडले तर बॅटरचं कार्ड बघायचं, चार ते सहा पडले तर पिचरचं. तोच आकडा कार्डावरचा रकानाही सांगतो. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे त्या रकान्यातली ओळ. कधी तिथे सरळ 'स्ट्राइकआउट' छापलेलं असतं, कधी दोन शक्यता असतात; मग वीस बाजूंचा फासा काढायचा. हे आकडे खेळाडूच्या खऱ्या हंगामावरून बेतलेले असतात. हंगाम संपल्यावर हिवाळ्यात नवी कार्डं येतात, त्यामुळे आमची लीग कायम एक वर्ष मागे चालते. २०२४ मध्ये शोहेई ओतानी कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे पिचिंग करत नव्हता, नुसती बॅटिंग करत होता. आमच्याकडे मात्र तो २०२३च्या कार्डावर उन्हाळाभर पिचिंग करत होता.

पण नुसत्या कार्डांवर लीग इतकी वर्षं चालत नाही. आमचे मॅनेजर वेगवेगळ्या राज्यांत राहतात. सगळ्यांना एका टेबलाशी बसणं वर्षातून एकदा जमतं, खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टच्या दिवशी. एरवी यजमान मॅनेजर घरी एकट्यानेच दोन्ही संघ खेळवतो. पाहुण्या संघाचा मॅनेजर सूचनापत्रक पाठवतो, पूर्वी ते टपालाने येई: डावखुऱ्या पिचरसमोर कोण खेळणार, बंट कधी, सुरुवातीचा पिचर दमला की कोणाला आणायचं. रात्री जेवणं उरकल्यावर बेसमेंटमध्ये बसून स्वतःच्या संघाविरुद्ध, दुसऱ्याच्या डोक्याने, मन लावून खेळायचं. फासा काय पडला हे बघायला तिथे कोणी नसतं. मला या छंदातलं सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर ते हेच.

या विश्वासाचा कस लागला २०२१ मध्ये. कोविडमुळे २०२०चा हंगाम ६० सामन्यांचाच झाला, आणि त्याच कार्डांवर आम्हाला १६२ सामने खेळायचे होते. खेळाडू प्रत्यक्षात जेवढा खेळला, साधारण तेवढंच त्याला वापरता येतं, हा आमचा मूळ नियम. आता काय करायचं? काही जण म्हणाले, सगळ्यांची मर्यादा २.७ पटीने वाढवा, हिशेब बरोबर बसतो. हिशेब बसतो हे खरं, पण दोन आठवडे कोणाचा हात चांगला बसला असेल तर तेवढ्यावर तो आमच्याकडे वर्षभर धुमाकूळ घालणार. मी ६० सामन्यांचाच छोटा हंगाम खेळावा या बाजूचा होतो. फोनवर आवाज चढले. मत घेतलं तेव्हा २.७ जिंकलं, आणि हरलेल्या बाजूतला एकही जण लीग सोडून गेला नाही.

सगळ्यात मोठी अडचण आमच्या सर्वांत जुन्या सभासदांची झाली. त्यांचा कॅचर बस्टर पोझी. त्याने २०२०च्या हंगामातून माघार घेतली होती, त्यामुळे त्याचं कार्डच आलं नाही. त्यांना ड्राफ्टमध्ये एक जादा खेळाडू द्यावा असा प्रस्ताव मीच मांडला. त्यांनी तो साफ नाकारला. नियम माझ्यासाठी बदलू नका, म्हणाले. दुबळ्या कॅचरवर त्यांनी अख्खं वर्ष काढलं, पण पोझीला सोडलं नाही. तो २०२१ला परतला, .३०४च्या सरासरीने खेळला, १८ होमरन मारले आणि हंगाम संपताच निवृत्त झाला. त्याचं हे अखेरचं कार्ड २०२२च्या उन्हाळ्यात आमच्या टेबलांवर आलं.

त्या वर्षी त्यांचा संघ माझ्याकडे पाहुणा होता. पत्रकात एक ओळ अधोरेखित केलेली: पोझीच्या जागी कोणालाही बॅटिंगला पाठवायचं नाही, सामना हातचा गेला तरी चालेल. नवव्या डावात ते एका धावेने मागे होते. एक बाद, पहिल्या बेसवर एक खेळाडू आणि पोझीची पाळी. तो पळायला मंद, डबल प्लेची, म्हणजे एकाच फटक्यात दोघे बाद होण्याची, भीती उघड दिसत होती. त्यांच्या बाकावर चपळ डावखुरा बॅटर बसलेला होता. स्वतःचा संघ असता तर मी त्यालाच पाठवला असता. मी पोझीलाच ठेवलं आणि फासे टाकले. त्याच्याच कार्डावर शॉर्टस्टॉपकडे जाणारा ग्राउंडर निघाला. स्कोअरशीटवर ६-४-३, म्हणजे डबल प्ले, लिहिलं. सामना मी जिंकलो.

लगेच फोन करून सगळा डाव वाचून दाखवला. त्यांनी फासे किती पडले ते विचारलं नाही. पोझीचे वापरायचे किती सामने उरले, एवढं विचारलं. २०२१ मध्ये तो ११३ सामनेच खेळला होता, त्यामुळे सप्टेंबरसाठी त्याला राखून ठेवायचं होतं. पुढच्या मालिकेच्या पहिल्या सामन्यात त्याला बसवायचं की दुसऱ्या, यावर मग आम्ही बराच वेळ बोललो.