निळ्याचा मोह

भूमध्य समुद्राच्या काठाने फिरत चित्रे काढणाऱ्या युरोपीय चित्रकारांचा पगडा आपल्यावर एवढा आहे, की समुद्र म्हटला की नवशिक्याचा हात आधी निळ्या रंगाकडे जातो. 1905 च्या उन्हाळ्यात मातीस आणि देरँ कोलिऊर या फ्रेंच बंदरात राहिले. तिथल्या कोरड्या, लख्ख उजेडात ट्यूबमधला रंग जसाच्या तसा लावण्याचे धाडस त्यांना सुचले आणि शोभलेही. रत्नागिरीला मात्र तो उजेड उसना आणून चालत नाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम. इथे उधाणाच्या दिवसांत पातळी दोन मीटरच्या आसपास वरखाली होते. भाट्याच्या पुलावरून सकाळी तुडुंब दिसलेली काजळी नदी दुपारी चिखलाचे तपकिरी पट्टे उघडे टाकते. रत्नदुर्गाच्या एका अंगाला काळी वाळू, दुसऱ्या अंगाला पांढरी. दमट हवेत मिऱ्याच्या डोंगराची कडा आभाळात विरून जाते. तेव्हा इथला खरा रंग राखाडी, आणि त्याला जलरंगच मानवतो. जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता राहिलेले प्र. अ. धोंड समुद्र रंगवत ते याच माध्यमात. त्यांच्या चित्रांत पाणी आणि आभाळ यांच्यामध्ये रेघ शोधावी लागते.

कुणी म्हणेल, पावसाळा सरला की इथलेही आभाळ निळेभोर होते. होते, आणि ते रंगवू नये असे मुळीच नाही. पण त्या निळ्याशेजारी जांभ्याचा काळपट लाल कातळ असतो. तो नसेल तर चित्र कुठल्याही किनाऱ्याचे ठरेल. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: कोकणची जलरंगचित्रे म्हणजे माड, होडी आणि कौलारू घर यांचा साचाच झाला आहे. हे मान्यच करायला हवे. मात्र दोष माध्यमाचा नाही, बसण्याच्या जागेचा आहे. चित्रकार पुळणीवर बसतो आणि सड्याकडे, म्हणजे मागच्या कातळपठाराकडे, पाठ करतो. त्या उघड्याबोडक्या सड्यावर, उक्षी, जांभरूण, कशेळी इथे, कुणा अनामिकांनी कातळात हत्ती, मासे, माणसे कोरून ठेवली आहेत. या किनाऱ्यावरची आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत जुनी रेखाटने तीच, आणि त्यांत माड नाही. सावर्डे-देवरुखच्या कलाशाळांतल्या मुलांनी बोर्ड आणि पाण्याची बाटली घेऊन एकदा भर वैशाखात सड्यावर बसावे, आणि पहिला पाऊस पडल्यावर पुन्हा त्याच जागी जाऊन बसावे.